गाऱ्हाण्यातली ना-हरकत

माझ्या थोरल्या जावेचा आवाज आमच्या गावात सगळ्यांत मोठा. देवळात गाऱ्हाणं सुरू झालं की पुरुषांच्या घोळक्यातून ‘व्हय म्हाराजा’ उठायच्या आत तिचा उठतो. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून, डोळे घट्ट मिटून ती उभी असते आणि असा खणखणीत ‘व्हय म्हाराजा’ घालते की चाकरमान्यांची पोरं दचकून मोबाइलमधून मान वर काढतात. घरात मात्र हीच बाई दिवसभरात चार वाक्यं बोलेल तर शपथ. थोरले दीर गेले तेव्हासुद्धा ती मोठ्याने रडली नाही. सगळा आवाज तिने देवासाठी राखून ठेवलेला.

गाऱ्हाणं म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. गावचा मानकरी देवासमोर नारळ ठेवतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. अमक्याचं दुखणं बरं कर, तमक्याच्या मुलाला नोकरीत यश दे, वाडीवर आलेलं संकट परतवून लाव. एकेक मागणं झालं की जमलेल्यांनी हात जोडून म्हणायचं, व्हय म्हाराजा. मानकरी काय म्हणतोय ते कुणी कान देऊन ऐकत नाही. ऐकायची गरजच वाटत नाही, कारण देवासमोर उभं राहून कुणी वावगं मागेल हे कुणाच्या मनातच येत नाही. त्याचा सूर खाली आला, तो श्वास घ्यायला थांबला, की आपण म्हणायचं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा दोन-तीन खेपांत मीही शिकले. त्यात शिकण्यासारखं काही नव्हतंच म्हणा.

याच ‘व्हय म्हाराजा’ने आमच्या घरातल्या बाईच्या ताटातला घास काढून घेतला. ते सांगायला बसले आहे, आणि गोड करून सांगणार नाही.

माझं माहेर कुडाळच्या बाजूला, आतल्या गावात. भात, काजू, थोडे आंबे. माझे वडील ग्रामसभेत उठून प्रश्न विचारायचे, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारची जागा बऱ्याचदा रिकामी राहायची. आई चिडायची, म्हणायची, तुमच्या तोंडापायी पोरींची लग्नं व्हायची नाहीत. झाली. पण ते तोंड माझ्याकडे आलं, आणि मी ते घेऊन या समुद्रकाठच्या गावात पडले. इथे माझ्या नवऱ्याची माडांची बाग आहे, आणि पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या मी चालवते. आमचे हे स्वभावाने शांत. इतके शांत की माझ्या वाटणीचं भांडणही मलाच करावं लागतं.

जाऊ शेजारच्याच घरात राहते. मूलबाळ नाही. दीर गेल्यावर ती मासळी सुकवून विकायला लागली. होड्या किनाऱ्याला लागल्या की बांगडे, सुंगटां म्हणजे कोळंबी, जवळा घ्यायचा, साफ करायचा, मीठ लावायचं आणि सुरूच्या बनापलीकडे वाळूचा जो मोकळा पट्टा आहे तिथे जुन्या जाळ्या अंथरून वाळत घालायचा. त्या पट्ट्याला आम्ही नुसतं ‘वाळवण’ म्हणतो. जागा सरकारी, पण पिढ्यान्‌पिढ्या वाडीतल्या बायका तिथेच मासळी सुकवत आल्या. पुढे एकेकीने सोडून दिलं, कुणी मुंबईला गेली, कुणाच्या सुनेला वास आवडेना. शेवटी जाऊच एकटी उरली. तिथलं ऊन आणि वारा घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मिळत नाही. खळ्यावर माडांची सावली, खाली ओल. मासळी आतून ओली राहिली की संपलीच. पावसाळ्याच्या आधी आगोटीचं सामान भरायला सगळी वाडी तिच्याकडे यायची. तिची मासळी कधी किडली नाही, असं लोक म्हणायचे, आणि ते खरंच होतं. जावेच्या आयुष्यात आपलं म्हणण्यासारखं जे काही होतं ते त्या वाळूवर होतं. घर सासऱ्यांचं, माड सासऱ्यांचे, मंगळसूत्र गेलेलं. वाळवण मात्र तिचं होतं, कागदावर नसलं तरी.

आता राजकारणाचं. आमच्या गावाला राजकारणाचं वेड आहे असं कुणालाही वाटेल. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर सकाळी उभे राहा. दिल्लीत कोण कोणाला पाडणार, मुंबईत कोण कुठल्या पक्षात उडी मारणार, अमेरिकेत कोण निवडून यायला हवा होता, सगळं ऐकायला मिळेल. गणपतीला चाकरमानी आले की विचारूच नका, आरती बाजूला राहते आणि देश चालवायला घेतात. एकेकाचा घसा बसतो. पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेली नोटीस यातल्या एकानेही कधी वाचलेली मी बघितली नाही. त्या भिंतीला टेकून गजाली मारतात, पाठ नोटिशीला. वाचून दाखवायला गेलं तर म्हणणार, ता राजकारण आमका नको. म्हणजे दिल्लीतलं ते राजकारण नव्हे, तो टाइमपास. आपल्या विहिरीचं, आपल्या वाटेचं, आपल्या जागेचं बोललं की ते मात्र घाणेरडं राजकारण. शिरा पडो असल्या शहाणपणार.

मागच्या खेपेला ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा गावाने तर कमालच केली. गावात तंटा नको, बिनविरोध करूया, असं ठरलं. देवळात बैठक बसली. आमच्या मानकऱ्याच्या घरातला मुलगा, तरुण, गोड बोलणारा, सरपंचपदासाठी त्याचं नाव पुढे आलं. दुसऱ्या वाडीतून आणखी एक नाव होतं. दोघांना प्रश्न विचारावेत, काय करणार ते ऐकावं, असं मी म्हणाले तेव्हा बायकाच माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी देवळात चप्पल घालून आले आहे. शेवटी देवाला कौल लावला. त्या मुलाच्या बाजूने कौल मिळाला. संपलं. मत द्यायची वेळच आली नाही. गावाने सत्कार केला, बॅनर लावला, बिनविरोध गाव म्हणून मिरवलं. जावेने हातातलं काम टाकून त्याला ओवाळलं. तिच्या लेखी तो लोकांनी निवडलेला नव्हता, देवाने दिलेला होता. आणि देवाने दिलेल्या माणसाला जाब कोण विचारणार? हे सगळ्यांत सोयीचं त्यालाच झालं.

देवळातला मान वडिलांकडून त्याच्याकडे आलेला, त्यामुळे मानकरीही तोच आणि सरपंचही तोच. म्हणजे देवाकडे गाऱ्हाणं घालायचं ते त्यानेच आणि ठराव वाचायचा तोही त्यानेच.

ऑगस्टच्या ग्रामसभेची नोटीस लागली ती मी वाचली. माझी सवयच आहे, भाजी आणायला गेले की पंचायतीच्या भिंतीवरून नजर फिरवते. विषय नेहमीचेच होते, पाणीपट्टी, घरकुलं, गटारं. त्याखाली एक होता, समुद्राकडील अमुक गटातील जागा पर्यटन सुविधेसाठी देण्यास ना-हरकत देणेबाबत. गट नंबर वाचून कुणाला काय कळणार? मी आत जाऊन ग्रामसेवकाला विचारलं, ही जागा कुठली? तो म्हणाला, ती सुरूच्या बनापलीकडची, मोकळी पडलीय ती, तिथे रिसॉर्ट यायचंय. पावसाळा होता. होड्या वर ओढलेल्या, जाळ्या घरात गुंडाळून ठेवलेल्या. त्या दिवसांत वाळवण मोकळंच दिसतं. शेत कापल्यावर मोकळं दिसतं म्हणून ते कुणाचं नसतं का?

मी थेट जावेकडे गेले. ती घरात वळईत बसून तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं समजावून सांगितलं. वाळवण देऊन टाकायचा विषय आहे, सभेत उठून नाही म्हणायला हवं, तूच म्हणायला हवंस, कारण ती जागा वापरणारी तू. तिने खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, “देवान दिललो माणूस तो. आमच्या पोटार पाय देतलो काय?” पुढे तिने काही ऐकलंच नाही. मी टपरीवर गेले, तिथे चार जाणत्यांना सांगितलं. एकाने तर सरळ विचारलं, काकी, तुमचे दोन खोल्ये रिकामे ऱ्हवतीत म्हणान बोलतास काय? सगळे हसले. म्हणजे रिसॉर्ट आलं तर माझं गिऱ्हाईक तुटेल, म्हणून माझा आटापिटा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खोटं कशाला बोलू, हे ऐकल्यावर मला जास्तच जोर आला.

सभेच्या दिवशी पाऊस मी म्हणत होता. पंचायतीची खोली गळते म्हणून सभा देवळाच्या सभामंडपात ठेवली. वर पत्रा, त्यावर पाऊस तडतडतोय, शेजारी बसलेल्याचं ऐकू येत नाही. दाराशी सह्या घेतल्या, सही केली की चहा. लोक बऱ्यापैकी जमले, कारण झेंडावंदन करून तसेच आले होते. समोर देव, बाजूला टेबलावर ग्रामसेवक, आणि एक मुलगी मोबाइल उभा धरून सभेचं चित्रीकरण करत होती. तसं करावंच लागतं म्हणे.

सरपंचाने नारळ ठेवला. सभा देवळात आहे तर आधी गाऱ्हाणं हवं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. सगळे उठून उभे राहिले, हात जोडले. त्याचा आवाज चांगला आहे, वडिलांकडून आलेला. बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत. व्हय म्हाराजा. दर्यार जाणाऱ्यांका सुखरूप घराक हाड. व्हय म्हाराजा. पोराटोरांका चांगली बुद्धी दी. व्हय म्हाराजा. जावेचा आवाज पावसाच्या वर ऐकू येत होता. मग त्याने खिशातून कागद काढला आणि त्याच सुरात, श्वाससुद्धा न बदलता, पुढे चालू केलं. गावची पाणीपट्टी वेळेर भरली जावंदे. व्हय म्हाराजा. गटारांचा काम पुरा होवंदे. व्हय म्हाराजा. समुद्राकडचो अमुक गटातलो जागो पर्यटन सुविधेसाठी देऊक गावाची काय एक हरकत नाय, आणि त्यातसून गावचो उद्धार होवंदे.

सूर खाली आला. तो श्वास घ्यायला थांबला.

मी ओरडले, “थांबा. काय वाचलंत ते परत वाचा.”

माझ्या पदराला हिसका बसला. जावेने डोळे न उघडता मला मागे ओढलं होतं. “गाऱ्हाणा चालू आसा गो,” ती म्हणाली, “मधी बोलू नको.” आणि तोंड वळवून तिने सगळ्यांच्या आधी म्हटलं, व्हय म्हाराजा. तिच्या मागून अख्खा मांडव म्हणाला.

मी पुढे टेबलापर्यंत गेले. माझी हरकत आहे, लिहून घ्या, असं ग्रामसेवकाला सांगितलं. तो सरपंचाकडे बघायला लागला. सरपंच हसून म्हणाला, काकी, ठराव झालो, आता नारळ फोडतंय. पुरुषांपैकी कुणीतरी मागून म्हणालं, देवळात तरी भांडू नका. नारळ फुटला, खोबरं वाटलं, लोक छत्र्या उघडून निघाले. जावेने प्रसादाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि मला म्हणाली की देवाच्या कामात असं मधे पडलं की घराला लागतं.

त्याने हे ठरवून केलं की सवयीने झालं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्याला बनेल म्हणते, जाऊ त्याला भोळा म्हणते. त्याच्या मेव्हण्याची पर्यटकांना फिरवणारी बोट आता बरोबर तिथूनच सुटते, एवढं मात्र डोळ्यांना दिसतं. पण खरं सांगू? त्याचा मला तेवढा राग येत नाही. लबाड माणूस लबाडी करणारच. मला राग येतो तो त्या मांडवातल्या शहाण्यासुरत्या माणसांचा, ज्यांना क्रिकेटचा प्रत्येक चेंडू आठवतो आणि आपण कशाला हो म्हणालो ते मंडपाच्या पायऱ्या उतरेपर्यंत आठवत नाही.

मी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला. खेटे घातले. शेवटी तिथल्या अधिकारी बाईंनी सांगितलं की जी बाई जागा वापरते तिला घेऊन या. जावेला न्यायचं म्हणजे दिव्यच होतं. पण तोवर रिसॉर्टवाल्यांची माणसं येऊन फीत धरून मापं घेऊन गेली होती, आणि ती मापं तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून माझ्या दारात उभी राहिली. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, आता होईल काम.

अधिकारी बाई तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, ठराव एकमताने झाल्याचं कागदावर आहे, आणि चित्रीकरणही आहे. त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. पावसाची तडतड, त्यातून सरपंचाचा सूर, समुद्राकडचो जागो, हरकत नाय, उद्धार होवंदे. मग माझं ओरडणं, अगदी बारीक, विहिरीतून आल्यासारखं. आणि त्यावर मोठा, स्वच्छ, कुणालाही ओळखू येईल असा एक आवाज.

जाऊ पडद्याजवळ वाकली. “ह्यो तर माजोच आवाज,” ती म्हणाली.

बाईंनी ते तिथेच थांबवलं. त्यांना वाईट वाटलं असावं. त्या हळूच म्हणाल्या, “तुम्हाला विषय समजला नव्हता आणि तुमची संमती नव्हती, एवढं लिहून द्या. मी फेरसभा घ्यायला सांगते. पण हे तुम्हीच लिहून द्यायला हवं.” त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी मजकूर सांगते म्हणाले, जावेने नुसता अंगठा किंवा सही. तिला सही येते, चौथीपर्यंत शिकलेली आहे. मी तिच्या हातात पेन दिलं.

तिने ते टेबलावर ठेवलं. “मी देवाम्होरा व्हय म्हटलंय,” ती म्हणाली. “आता नाय म्हणान कशी लिवन देऊ?”

मी तिला समजावलं. मग चिडून समजावलं. मग त्या बाईंच्या देखत तिच्यावर ओरडले. देवाला तू काही म्हटलंच नाहीस, तू सरपंचाला म्हटलंस, असं सांगून पाहिलं. ती मान हलवत राहिली. दीर समुद्रावर जायचे ती सगळी वर्षं ती त्याच खांबाला टेकून व्हय म्हाराजा म्हणत आली, आणि दीर दर वेळी घरी आले. गेले ते अंथरुणावर, आजाराने. समुद्राने त्यांना घेतलं नाही. तिचा हिशोब असा होता. ते शब्द खोटे होते असं लिहून दिलं तर ती सगळी वर्षं खोटी ठरणार होती. मला ते तेव्हा कळलं नाही असं नाही. कळलं, आणि म्हणूनच जास्त संताप आला. देव होड्या परत आणत असेल, आणो बिचारा. पण ठरावातला गट नंबर त्याला ठाऊक नसतो. तो आपल्याला ठाऊक असावा लागतो.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. गावाचा फाटा आल्यावर म्हणाली, तू शिकललंस, तुजा येगळा. मी तिकिटाची घडी घालत बसले. माझ्या तोंडून त्या वेळी जे निघालं असतं ते ऐकून तिने माझं तोंड बघितलं नसतं.

फेरसभा झाली नाही. नवरात्राच्या सुमारास सुरूच्या बनाला लागून सिमेंटचे खांब उभे राहिले, त्यांना जाळी लागली, लोखंडी गेट आलं. पहिले बांगडे किनाऱ्याला लागले तेव्हा जाऊ नेहमीसारखी मीठ लावलेल्या बांगड्यांची टोपली डोक्यावर आणि जाळ्या काखेत घेऊन निघाली. मी तिला जाऊ नको म्हटलं. गेली. गेटवर परगावचा एक राखणदार होता. त्याने हात आडवा करून हिंदीत सांगितलं, आंटी, इधर से रास्ता बंद है. ती बराच वेळ तिथे उभी राहिली, टोपली डोक्यावरच. मी माडाच्या आडून बघत होते. त्या राखणदाराशी भांडायला जावं असं वाटलं, पण त्याच्याशी काय भांडू? त्याला नोकरी दिली होती, गट नंबर नव्हता दिला.

बांगडे तिने घराच्या खळ्यात वाळत घातले. सावलीत, ओलीवर. दोन दिवस उलटसुलट केले, कावळे हाकलले, कुत्री हाकलली. त्यांना वास आला, मग किडे पडले. त्याच सुमारास माझ्या खोलीत पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांनी जाताना मोबाइलवर लिहून टाकलं, जागा सुंदर, जेवण उत्तम, पण मासळीची असह्य दुर्गंधी. ते गावातल्या पोरांनी वाचलं आणि टपरीवर वाचून दाखवलं. नोटीस वाचत नाहीत, हे वाचलं. जावेपर्यंत पोचलं. तिने टोपलीभर बांगडे माडांच्या मुळात पुरले आणि जाळ्या माळ्यावर टाकल्या. मला दोष मात्र दिला नाही. माझ्यामुळे नव्हे, पण माझ्या पाहुण्यांमुळे झालं, म्हणून मीच तिच्या नजरेला नजर देईना.

मे महिन्यात आगोटीच्या खरेदीला वाडीतल्या बायका सवयीने तिच्या दाराशी आल्या. ती नाही म्हणाली. मग त्यांच्याच बरोबर रिक्षात बसून ती कुडाळच्या आठवड्याच्या बाजाराला गेली आणि स्वतःसाठी पिशवीभर सुकी मासळी विकत घेऊन आली. रात्री ती भाजली तेव्हा वास माझ्या घरापर्यंत आला. तिच्या मासळीसारखा नव्हता. रिक्षात बाजूला बसलेल्या बायका म्हणे परत येताना हळहळत होत्या, आपलं वाळवण गेलं, आपल्याला कुणी विचारलं नाही. विचारलं नाही! मांडवात उभ्या राहून सगळ्या हो म्हणाल्या होत्या, सही करून, चहा पिऊन. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. तेव्हापासून हळदीकुंकवाला मला बोलावणं उशिरा येतं. वडिलांची पंगत आठवली.

गेल्या जानेवारीतल्या ग्रामसभेला मी एकटीच निघाले होते. बाहेर आले तर जाऊ तिच्या दारात चप्पल घालत होती. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, सभेक. ग्रामसभेच्या नावाने ती घराबाहेर पडलेली मी पहिल्यांदाच बघितली. एरवी ती देवळात जायची, आणि सभा तिथे असली तर तिला ती होऊन जायची.

सभा याही वेळी देवळातच ठेवली होती, पण ऊन स्वच्छ होतं, पत्र्यावर पाऊस नव्हता. प्रत्येक शब्द ऐकू येत होता, त्यामुळे या वेळी कुणाला निमित्तही नव्हतं. सरपंचाने नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. जाऊ खांबाला टेकून उभी राहिली, होड्यांसाठी म्हणाली, पोराटोरांसाठी म्हणाली, नेहमीच्याच आवाजात. मग त्याने कागद काढला आणि त्याच सुरात पहिला विषय वाचला, रस्त्यावरच्या दिव्यांचा. तो श्वास घ्यायला थांबला, तेवढ्यात ती म्हणाली, “परत वाच.”

मांडवात सगळ्यांच्या माना वळल्या. सरपंच गोंधळला, म्हणाला, मोठी काकी, गाऱ्हाणा चालू आसा. “गाऱ्हाणा झाला, ता मी आयकलंय,” ती म्हणाली. “आता ता वाच. दिवे खंयच्या रस्त्याक?” त्याने कागदात बघितलं, ग्रामसेवकाकडे बघितलं, आणि सांगितलं की नाक्यावरून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला, गेटपर्यंत. कुठल्या गेटपर्यंत ते त्याला सांगावं लागलं नाही. आमच्या वाडीचा रस्ता आजही काळोखात आहे. माझ्या वडिलांनी हे बघायला हवं होतं असं वाटलं. आता कुणीतरी दुसरा बोलेल म्हणून मी आजूबाजूला बघितलं. टपरीवरचे सगळे होते. रिक्षात हळहळणाऱ्या सगळ्या होत्या.

मी म्हणाले, आमच्या दोघींची हरकत आहे. सरपंचाने कागद खाली घेतला, देवाकडे तोंड केलं, आणि विषय पुन्हा एकदा, हळू, सुरात म्हटला. शेवटी सूर खाली आला.

व्हय म्हाराजा, मांडव म्हणाला.

जाऊ खांबाला टेकून, डोळे उघडे ठेवून, ओठ मिटून उभी होती. तिच्या आवाजाशिवाय तो ‘व्हय म्हाराजा’ किती फिका लागतो ते मला त्या दिवशी कळलं. पण ठराव मंजूर व्हायला तेवढा पुरला.